यात गौण काय आहे?

आमच्या घरात पैसा खेपेने यायचा. ‘पगार’ हा शब्द मी शाळेतल्या मैत्रिणींकडून ऐकला. बाबा डंपर चालवायचे, अर्थात दुसऱ्याचा. हायवेच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेने असलेल्या खदानींत खडी किंवा मुरूम भरायचा आणि नालासोपारा, विरार, वसई, जिथे सांगतील तिथे ओतायचा. चार खेपा झाल्या की आई शांत असायची. सहा झाल्या तर रविवारी मटण. माझी दहावीची फी, कॉलेजचा पास, पहिला फोन, सगळं मुरमातून आलेलं आहे. म्हणून पुढे जे लिहितेय ते निसर्गप्रेमी ट्रेकर म्हणून लिहीत नाहीये. त्या डोंगरावर मी जेवलेली आहे.

बाबांच्या शर्टाच्या खिशात कायम एक घडी घातलेली पावती असायची. वाटेत कुणी अडवलं की ती दाखवायची. तिच्यावर छापलेलं असायचं, ‘गौण खनिज’. सहावीत असताना मी विचारलं होतं, बाबा, गौण म्हणजे काय? ते म्हणाले, “म्हणजे सोनं नाही.”

इतकी वर्षं झाली, याहून चांगली व्याख्या मला मिळालेली नाही. कायद्यातली तर अजिबातच नाही. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याच्या कलम ३(ई) मध्ये गौण खनिजं कोणती ते सांगितलंय: इमारतीचा दगड, खडे-गोटे, साधी माती आणि साधी वाळू. वाळूच्या पुढे मात्र एक शेपूट आहे. काही ठरावीक कामांसाठी वापरायची असेल तर ती ‘साधी’ राहत नाही. म्हणजे वाळू तीच. भट्टीच्या विटांसाठी किंवा चिनी मातीच्या उद्योगासाठी गेली तर तिची इज्जत वेगळी, आणि माझ्या घराच्या भिंतीत गेली तर ती गौण.

हे नीट बघा. गौणपणा खनिजात नाही, वापरात आहे. खनिज कशासाठी काढताय त्यावर त्याची जात ठरते. आणि कामांच्या त्या यादीत एक काम कुठेच नाही: जिथे आहे तिथेच पडून राहण्याचं. माझं सगळं भांडण या एका गाळलेल्या ओळीशी आहे.

कारण आमच्याकडच्या दगड-मुरमाचं सगळ्यात मोठं काम पडून राहणं हेच आहे.

फोनवर गूगल मॅप उघडा, सॅटेलाइट दृश्य लावा. विरारच्या पूर्वेला हायवे ओलांडला की तुंगारेश्वरचा हिरवा डोंगर दिसेल. त्याच्या उत्तरेला तानसा नदीचं खोरं आहे. शहापूर तालुक्यातल्या धरणापासून निघून ही नदी गणेशपुरी, वज्रेश्वरी, उसगाव करत खानिवड्याजवळ हायवेखालून जाते आणि वैतरणेला मिळते. हिरव्यात मधेमधे पांढुरके, खरवडल्यासारखे डाग दिसतील. गुडघ्यावरची खपली निघाल्यावर दिसतात तसे. त्या खदानी.

हा सगळा दगड साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे बेसॉल्टचा. आपण म्हणतो काळा पाषाण. घाटावर लाव्हाचे थर आडवे, एकावर एक रचलेल्या चपात्यांसारखे दिसतात. आमच्या बाजूला मात्र ते समुद्राकडे कललेले आहेत. किनाऱ्याला समांतर हा सगळा पट्टा कधीतरी वाकला, त्याला भूशास्त्रात पनवेल फ्लेक्शर म्हणतात. वाकताना दगड तडकला. तडांतून पुन्हा लाव्हा वर आला आणि थिजला, त्याच्या उभ्या भिंती झाल्या. ठाणे-पालघर पट्ट्यात या भिंती जागोजाग आहेत, बऱ्याचशा उत्तर-दक्षिण धावणाऱ्या.

आता गंमत बघा. घट्ट बेसॉल्टच्या आत पाणी राहत नाही. त्यात जागाच नाही. पाणी राहतं ते तीन ठिकाणी: वरच्या झिजलेल्या थरात, म्हणजे आपल्या मुरमात, दगडातल्या चिरांमध्ये, आणि दोन लाव्हाथरांच्या मधल्या सच्छिद्र भागात. पावसाळ्यात तुंगारेश्वरवर जे कोसळतं त्यातलं काही मुरूम पिऊन घेतो, चिरांतून खाली सोडतो आणि मग ते महिनोन् महिने झऱ्यांना, ओढ्यांना, पायथ्याच्या विहिरींना सुटत राहतं. मुरूम म्हणजे डोंगराची टाकी. आपण ती टाकीच डंपरमध्ये भरतो आणि मार्चमध्ये टँकरवाल्याला फोन लावतो.

काही पाणी आणखी खोल जातं, तडांतून आतल्या उष्णतेपर्यंत पोचतं आणि तापून परत वर येतं. गणेशपुरी, वज्रेश्वरी, अकलोलीची गरम पाण्याची कुंडं ही अशी झालेली आहेत. शाळेची सहल तिथेच जायची. कुंडाशेजारी उकडलेली अंडी खाल्लेली आठवतात, पण हे पाणी आधी डोंगरावर पडलेला पाऊस होतं, हे सांगितल्याचं आठवत नाही.

या दगडाला लोकांनी नेहमीच गौण मानलं असंही नाही. अशोकाने सोपाऱ्यात लेख कोरायला बेसॉल्टच घेतला. आठव्या लेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सापडला, नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावला. दोन्ही आज मुंबईच्या म्युझियममध्ये काचेमागे आहेत. पोर्तुगीजांनी तर हा दगड जहाजात घालून गोव्याला नेला. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चचं बांधकाम जांभ्याचं, पण दर्शनी बाजूचं बारीक कोरीवकाम वसईहून नेलेल्या काळ्या दगडात आहे. आमचं गाव संगमेश्वरकडे, तिथेही घरं जांभ्याची. आत्या अजून म्हणते, “चिऱ्याला नक्षी धरत नाय.” गोव्याच्या मिस्त्रींनाही तेच कळलेलं होतं. आज तोच दगड ब्रासवर मोजतात. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. त्यावर सरकारचं स्वामित्वधन २०२१ पासून सहाशे रुपये. म्हणजे घनफुटाला सहा रुपये. वडापाव याच्या दुपटीहून महाग आहे.

वाळूची गोष्ट तर आणखी वाईट, कारण तिच्याबद्दल एक खोटं सगळ्यांना पाठ आहे: “वाळू काय, दर पावसाळ्यात परत येते.”

येते, पण कुठून? वाळू म्हणजे बहुतेक ठिकाणी क्वार्ट्झचे, गारेचे कण. ग्रॅनाइट झिजलं की ते मोकळे होतात आणि टिकतात. बेसॉल्टमध्ये गार जवळजवळ नसतेच. बेसॉल्ट झिजला की त्याची शेवटी चिकण माती होते. म्हणून लाव्हाच्या मुलखातल्या नद्या वाळूच्या बाबतीत मुळात गरीब. त्यांच्यात जी वाळू असते ती दगडाचेच न कुजलेले कण, अकिकासारखे कठीण खडे, असलं काही. ते जमायला फार वेळ लागतो. त्यात वरच्या अंगाला आपण काय केलंय? तानसेवर १८९२ पासून धरण आहे. वैतरणेवर अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर. ती मुंबईला पाणी देतात, चांगली गोष्ट आहे, मुंबईत आमचेही नातेवाईक आहेत. पण धरण पाण्यासोबत गाळ-वाळूही अडवतं. वरून येणारी रसद तोडायची आणि खाली सक्शन पंप लावून ओढत राहायचं, आणि वर म्हणायचं की परत येते.

पूर्वी इथे माणसं डुबी मारून वाळू काढायची. एक जण बादली घेऊन खाडीच्या तळाशी, बाकीचे होडीत. हातपाटी-डुबी असा शब्द सरकारी कागदांत आजही आहे. ते काम जीवघेणं होतं, त्याचे गोडवे गायचे नाहीत. पण माणसाच्या दमाला एक मर्यादा असते आणि ती नदीच्या कामी यायची. पंपाला दम लागत नाही. वैतरणा आणि सफाळे स्टेशनांच्या मध्ये ९२ आणि ९३ नंबरचे रेल्वेपूल आहेत. त्यांच्या खांबांच्या आसपासची बेकायदा वाळू हा रेल्वेचा वर्षानुवर्षांचा डोकेदुखीचा विषय आहे. मुंबईहून गुजरात आणि दिल्लीकडे जाणारी पश्चिम रेल्वे त्या पुलांवरून जाते. डहाणू लोकलने जाणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी तिथे दारात उभं राहून रील काढलेलं असेल. खांबाला धरून ठेवायला तळाशी जे लागतं, त्याचं नाव ‘साधी वाळू’.

आता सरकारने यावर उपाय काढलाय: कृत्रिम वाळू. दगड दळून वाळू करायची. २०२५ च्या धोरणात अशा कारखान्यांना स्वामित्वधन सहाशेवरून दोनशे केलं. नदी वाचवायची म्हणून डोंगर स्वस्त. वाटतं की कुणीतरी आजाऱ्याचा एक पाय वाचवायला दुसऱ्याचं कातडं काढतोय आणि त्यावर सूटही देतोय. नदीतल्या वाळूला पर्याय हवाच, पण तो तुटलेल्या इमारतींच्या राड्यारोड्यापासून आधी का नाही?

इथपर्यंत आल्यावर कुणीतरी नक्की म्हणणार, बाई, तुझं घर कशाचं आहे? खडीचंच ना? हो, खडीचंच आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहरात १२ लाखांहून जास्त माणसं होती आणि तेव्हापासून रोज आणखी येताहेत, मुंबईत घर परवडत नाही म्हणून. आम्हीही तसेच आलो. त्यांनी राहायचं कुठे, हा प्रश्न ज्यांची घरं आधीच बांधून झालीत त्यांनी तरी झटकून टाकू नये. स्लॅबला खडी लागणार, आणि ती जवळून आली तर डिझेलही कमी जळेल. माझा त्याला विरोध नाही.

पण खडी आणि भराव यांत फरक आहे, आणि आपण तो मुद्दाम विसरतो. खडीतून घर होतं. भरावातून घर होत नाही, फक्त प्लॉट होतो. डोंगरातला मुरूम काढायचा आणि मिठागरात, भातखाचरात, पाणथळीत ओतायचा. पश्चिमेला वाड्यांमध्ये बावखलं होती, म्हणजे छोटी तळी. त्या पट्टीत वरच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी साठतं, खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. बावखल त्या गोड्या पाण्याचं तोंड. त्यातली कितीतरी मुरमाने बुजवली. म्हणजे पूर्वेला पाणी साठवणारा मुरूम काढला आणि पश्चिमेला पाणी साठवणारा खड्डा त्याच मुरमाने भरला. एका खेपेत दोन टाक्या फोडल्या.

एकच हिशेब करते, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तुम्हीही करा. एक एकर पाणथळ जागा, भराव पाच फूट. एकरात ४३,५६० चौरस फूट. म्हणजे २,१७,८०० घनफूट, म्हणजे २,१७८ ब्रास. पाच ब्रासची गाडी धरली तर साधारण ४३५ खेपा. स्वामित्वधन, सगळं प्रामाणिकपणे भरलं असं धरून, १३ लाख ६ हजार ८०० रुपये. आता तेवढ्याच खड्ड्यात पाणी किती मावलं असतं? सुमारे ६१ लाख लिटर. दहा हजारी टँकरने मोजा, सहाशेहून जास्त टँकर. एका एकराचे. हे पाणी कुठेतरी जाणारच. पाण्याला एनए ऑर्डर वाचता येत नाही.

जुलै २०१८ मध्ये ते आमच्या घरात आलं.

तेव्हा आम्ही नालासोपारा पूर्वेला बैठ्या चाळीत राहायचो. गाड्या बंद, लाइट नाही, मिठागरात शेकडो माणसं अडकलेली, हे तुम्ही तेव्हा बातम्यांत पाहिलं असेल. आमच्याकडे पाणी पलंगाच्या वर होतं. आई, मी आणि भाऊ माळ्यावर. बाबा हायवेला गाडी उभी करून छातीभर पाण्यातून चालत आले. आले आणि दारात उभे राहून समोर बघत राहिले. समोर एक मोठा प्लॉट होता, कुंपण घातलेला, आमच्या चाळीच्या जोत्यापेक्षा चारेक फूट उंच. तो कोरडा होता. त्यावर एक कुत्रा आरामात बसलेला.

“हा मीच भरलाय,” बाबा म्हणाले.

आम्हाला वाटलं ते थकलेत. नंतर आईने समजावून सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात रात्रीच्या खेपा त्या प्लॉटवर असायच्या. घराजवळ काम मिळालं म्हणून आई खुश होती. जेवायला घरी यायचे.

महापालिकेने पुरानंतर नीरी आणि आयआयटी मुंबईला अभ्यास करायला सांगितलं. त्यात धारण तलावांची शिफारस आली, म्हणजे पाणी थोपवून धरायला जागा ठेवा. वाचून मला हसू आलं. जागा होत्या. त्यांच्यावर डोंगर ओतलेला होता.

कुणी ठरवलं हे? खरं उत्तर भयंकर आहे. कुणीच नाही. एवढा डोंगर हलवायचा आहे असा ठराव कुठल्याही सभेत झालेला नाही. परवाना निघतो एका गट नंबरचा, इतक्या ब्रासचा, इतक्या दिवसांचा. प्रत्येक परवाना लहान, म्हणूनच निरुपद्रवी. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात नेमकं यावरच बोट ठेवलं होतं: पाच हेक्टरच्या आतले तुकडे करून परवानगीतून सुटू नका, लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल. त्यानंतर २०१६ मध्ये केंद्राने जिल्हा सर्वेक्षण अहवाल आणला. जिल्ह्यात वाळू-दगड किती, कुठे, किती काढता येईल, याचा कागद. कल्पना चांगली, पण शब्द बघा: जिल्हा. तानसा नदी जिल्ह्यात वाहत नाही, खोऱ्यात वाहते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि खोऱ्याचे दोन भाग झाले. शहापूरचं धरण आणि भिवंडी तालुक्यातली वज्रेश्वरी-गणेशपुरी ठाण्यात, उसगाव-खानिवडे पालघरमध्ये. वरची वाळू एका कलेक्टरच्या हिशेबात अडकते, खालची दुसऱ्याच्या हिशेबातून उपसली जाते. हिशेब जुळणार कसा?

मला मोठी मागणी करायची नाहीये. खोऱ्याचा एक हिशेब करा. तानसा-वैतरणेच्या खोऱ्यातून दर वर्षी किती ब्रास दगड, मुरूम, वाळू निघाली आणि ती कुठे ओतली गेली, हे एकाच ठिकाणी, मराठीत, फोनवर दिसेल असं मांडा. अर्धी माहिती सरकारकडे आहे. महाखनिजवर गाडीचा वाहतूक परवाना निघतो, गाड्यांवर जीपीएस आहे. खेप कुठून निघाली हे विचारायची सवय यंत्रणेला लागलेली आहे. ती कुठे रिकामी झाली, हेही त्याच नेटाने विचारा. मुरूम पाणथळीत गेला तर ती खेप बेकायदा, पावती असली तरी. आणि मुरमाची किंमत ठरवताना त्याने जागेवर राहून जे केलं असतं तेही त्यात धरा, मग सहाशे रुपये किती विनोदी आहेत ते आपोआप दिसेल.

घाई यासाठी, की आता मागणी इमारतींपुरती राहिलेली नाही. मुंबई-बडोदा एक्सप्रेसवे, बुलेट ट्रेन, विरार-अलिबाग कॉरिडॉर, आणि वर डहाणूला वाढवण बंदर, ज्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टरचा भराव आहे. या सगळ्याला दगड लागणार, आणि दगड दिल्लीहून येत नाही.

पश्चिमेच्या वाड्यांसाठी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हरित वसईची चळवळ उभी राहिली, फादर दिब्रिटो त्यात पुढे होते. तिने विहिरी आणि शेतं यांच्यासाठी माणसं रस्त्यावर आणली. पूर्वेच्या डोंगराच्या वाट्याला तसं काही आलं नाही. तिथे राहणाऱ्या कातकरी कुटुंबांना मुळात माणूस म्हणून मोजून घ्यायलाच लढावं लागलं. उचल घेऊन वीटभट्टीवर सहा-सहा महिने जाणारी ही माणसं. विटेची मातीही, तुमच्या लक्षात आलंच असेल, गौण खनिजच. त्या यादीत जे जे आहे ते हाताळणारा माणूसही हळूहळू त्याच यादीत जातो. बाबांना वीस वर्षांत कुणी ओळखपत्र दिलं नाही. पावती मात्र रोज असायची.

आता ते गाडी चालवत नाहीत, कंबर गेली. हा लेख त्यांना वाचून दाखवला. डोंगराचं, गरम कुंडांचं, अशोकाचं त्यांनी शांतपणे ऐकलं. हिशेबाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

“पाच ब्रास कुठून आणलंस?”

म्हटलं, गाडीत तेवढंच बसतं ना?

“बसतं पाच. आम्ही सात भरायचो. फळ्या लावून.” मग जरा थांबून म्हणाले, “पावती तीनची असायची.”

तेव्हा वरच्या हिशेबात ४३५ खेपा लिहिल्यात तिथे ३११ वाचा. आणि स्वामित्वधन पुन्हा मोजा.